बीटी म्हणजे नक्की कोण?

परभणीत दुकानात 'बीटी द्या' म्हटलं की कपाशीच्या बियाण्याचं पाकीट हातात येतं. पण मंडळी, बीटी हा मुळात एक जिवाणू आहे! जपानच्या इशिवातांना तो १९०१ मध्ये मेलेल्या रेशीमकिड्यांत सापडला. १९११ मध्ये जर्मनीत बर्लिनरना थुरिंजियाच्या पिठातल्या अळीत... म्हणून नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस. त्याचं प्रथिन अळीच्या आतड्याला भोकं पाडतं. ते बनवणारा जीन घातलेल्या कपाशीला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. फवारण्या घटल्या, शेतकरी खूश. पण शिवारभर वर्षानुवर्षं तेच विष! त्यातून तगलेल्या अळ्यांचीच पिलावळ वाढली, आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने मराठवाड्यात बोंडं पोखरली. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवला की असंच होतं. भुर्दंड मात्र शेतकऱ्याला.