गाडी बदलणारा गणिती

मनमाडच्या स्टेशनात अनेक वर्षे दोन रुळांची गाठ पडत असे. मुंबई-भुसावळचा रुंद मार्ग एकीकडे, औरंगाबादवरून हैदराबादकडे जाणारा मीटरगेज दुसरीकडे. तोही मार्ग रुंद होईपर्यंत प्रवाशाला ट्रंक-वळकटी उचलून गाडी बदलावी लागे. विद्येच्या प्रांतातही अशी जंक्शने असतात. पण तिथे गाडी बदलणाऱ्याला आपण चटकन म्हणतो, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या!’ दामोदर धर्मानंद कोसंबी यांना ही म्हण लागू पडते का, ते पाहू.

कोसंबींचा जन्म १९०७ सालचा, गोव्यातला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे थोर पंडित. मुलगा १९२९ साली अमेरिकेत हार्वर्डचा पदवीधर झाला, आणि काशी व अलीगढ येथे शिकवून १९३३ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आला.

त्यांचा पहिला मार्ग भूमितीचा, आणि ही भूमिती सैद्धांतिक भौतिकीच्या अगदी शेजारची. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादात आधी अवकाशाचा आकार येतो आणि त्यावरून वस्तूच्या गतीची वाट ठरते. कोसंबींनी प्रश्न उलटा घातला: वाटांची समीकरणे तेवढी हाती असतील, तर त्यांवरून अवकाशाची भूमिती सांगता येईल काय? १९३३ साली हा निबंध एका जर्मन नियतकालिकात आला, आणि एली कार्टां या फ्रेंच गणितज्ञाने त्याला जोडूनच आपले टिपण लिहिले. पुढे चेर्न यांनी भर घातली. कोसंबी-कार्टां-चेर्न ही तिघांची नावे त्या सिद्धांताला आजही जोडलेली आहेत.

आणि मग १९४४ साली हा गणिती एकदम आनुवंशिकीच्या फलाटावर दिसतो!

तिथला प्रश्न असा. गुणसूत्रावर जनुके एका ओळीत असतात, रुळावर स्टेशने असावीत तशी. पुढची पिढी घडताना जोडीच्या दोन गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल होते. दोन जनुके जितकी दूर, तितकी त्यांची ताटातूट अधिक. या ताटातुटीवरून अंतर मोजायचे. पण यात एक मेख आहे. समजा, भुसावळहून दोन गाड्या बरोबरीने निघाल्या. एक प्रवासी चाळीसगावला पहिल्या गाडीतून दुसरीत गेला आणि मनमाडला परत पहिलीत आला. तुम्ही त्याला फक्त भुसावळला आणि नाशिकला पाहिलेत, तर म्हणाल, ‘गडी जागचा हललाच नाही!’ दोन अदलाबदली एकमेकींना पुसून टाकतात आणि अंतर कमी भासते.

जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ मध्ये यावर सूत्र दिले होते. त्यात एका अदलाबदलीचा दुसरीशी काही संबंध नाही, असे धरलेले होते. प्रत्यक्षात मात्र एक अदलाबदल झाली, की तिच्या लगत दुसरी सहसा होत नाही; अंतर वाढते तसा हा अटकाव ओसरतो. कोसंबींनी हा अटकावच आपल्या सूत्रात बसवला. ताटातूट शेकडा ३० असेल, तर हाल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे ४५.८ येते, कोसंबींच्या सूत्राने ३४.७. फरक थोडाथोडका नव्हे! माश्या पाळून आकडे जमवणारे शास्त्रज्ञ निराळे होते. कोसंबींनी हाती घेतले ते आकड्यांमागचे गणित. भात, गहू, मका अशा पिकांच्या जनुकांचे नकाशे काढताना हे सूत्र आजही वापरतात.

गाडी बदलण्याची किंमतही त्यांना पडली. १९४५ च्या सुमारास ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले आणि पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करीत राहिले. नाणी आणि प्राचीन इतिहास यांतही ते रमले. पुढे रीमानच्या प्रसिद्ध कूटप्रश्नाची संभाव्यतेच्या वाटेने दिलेली त्यांची सिद्धता गणितज्ञांना पटली नाही. १९६२ मध्ये संस्थेशी असलेला संबंध संपला, आणि २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

तेव्हा सगळ्याच गाड्या त्यांना मुक्कामी घेऊन गेल्या, असे म्हणता येणार नाही. पण चिंध्या? छे! वाटांवरून अवकाश ओळखणारा माणूसच ताटातुटीवरून अंतर ओळखू शकला. गाडी बदलली, पण सामान तेच होते: जे दिसते त्यावरून न दिसणारे मोजण्याचे गणित. पुढच्या वेळी घरातले एखादे पोर आपली वाट बदलू लागले, तर त्याला नावे ठेवण्याआधी एवढेच विचारा, ‘बाळ, सामान बरोबर घेतलेस ना?’