खोपोलीची अडीच महिन्यांची छावणी

आमच्या खोपोलीत लढायांचा विषय निघाला की गप्पा थेट उंबरखिंडीवर जातात. साहजिक आहे. १६६१ साली शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला कोंडलं ते याच खालापूर तालुक्यात. पण १७८१ मध्ये खुद्द खोपोलीत इंग्रजांची छावणी पडली होती म्हटलं, की ऐकणारा माझ्याकडे संशयाने बघतो. मास्तरकी सुटली, ही गोष्ट सांगायची खोड काही सुटली नाही.

ही छावणी टाकणारा जनरल गॉडर्ड ऐरागैरा नव्हता. बंगालची फौज घेऊन तो पार सुरतेपर्यंत आला होता. १७८० च्या डिसेंबरात त्याने वसई घेतली. फेब्रुवारीत, ८ तारखेच्या रात्री, बोरघाटही घेतला. फौज घाटमाथ्यावर आली की पुणं हादरेल आणि नाना फडणवीस तहाला येतील, असा त्याचा हिशेब. पण आपला दोस्त, म्हैसूरचा हैदर अली, याला वगळून तह करायला नानांनी साफ नकार दिला. तिकडे कर्नाटकात हैदरने ईस्ट इंडिया कंपनीला घाम फोडला होता. घाई गॉडर्डला होती, नानांना कसली?

घाट एका रात्रीत मिळाला, पण फौजेचं पोट पनवेलला अडकलेलं. धान्य, दारूगोळा मुंबईहून होड्यांनी पनवेलला उतरायचा आणि तिथून बैलांच्या पाठीवर खोपोलीला यायचा. घाटावर मराठ्यांचे सरदार हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर ठाण मांडून. परशुरामभाऊ पटवर्धन मात्र कोकणात उतरले आणि त्यांनी ही वाटच धरली. मार्चमधली इथली भातखाचरं ज्याने पाहिलीत त्याला पुढचं सांगायला नको: पीक निघालेलं, जमीन टणक, घोडा कुठूनही घालावा. गॉडर्डकडे घोडदळ तोकडं. तांड्याबरोबर पलटणी धाडाव्यात तर छावणी उघडी पडते, न धाडाव्यात तर बैल जातात. माझ्या मते छावणी तिथेच हरली. घाटातली चकमक निमित्तापुरती. शिवाय मृग लागला की या वाटेचा चिखल होणार, हेही होतंच.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात गॉडर्डने तळ उठवला. पनवेल गाठेपर्यंत मराठ्यांनी त्याला सुखाने चालू दिलं नाही. मेलेले-जखमी मिळून ४६६, त्यांत १८ गोरे अधिकारी. १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी कंपनीकडे राहिली, पण गॉडर्डने घेतलेली वसई मराठ्यांना परत गेली.