कैबाबच्या हरणांचा आलेख

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात कोलोरॅडो नदीने कोरलेली ग्रँड कॅन्यन ही घळई सुमारे ४४६ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. तळाशी निवडुंगांचे तप्त वाळवंट, तर उत्तर काठावर सुमारे २,४०० मीटर उंचीवर पाइन आणि अ‍ॅस्पेन वृक्षांचे थंड जंगल. या उंच भागाला कैबाब पठार म्हणतात. पांढऱ्या शेपटीची कैबाब खार फक्त याच भागात आढळते. पण पठाराचे नाव जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत गेले ते तेथील हरणांमुळे.

खेचरासारख्या मोठ्या कानांमुळे या हरणांना ‘म्यूल डिअर’ म्हणतात. १९०६ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हा प्रदेश राखीव केला आणि हरणांच्या शिकारीवर बंदी आली. तेव्हा हरणे सुमारे ४,००० असावीत, असा अंदाज होता. ती वाढावीत म्हणून सरकारी शिकाऱ्यांनी पुढील पंचवीस वर्षांत सुमारे ८०० प्यूमा आणि हजारो कोयोट मारले. लांडगे तर पठारावरून नाहीसेच झाले. १९१९ साली घळई आणि काठाचा काही भाग राष्ट्रीय उद्यान झाला.

हरणे वाढली. झाडांचा पाला त्यांचे तोंड पोहोचेल तेथवर ओरबाडला गेला. १९२४ च्या डिसेंबरात हजारो हरणे हाकत घळईपलीकडे दक्षिण काठावर नेण्याची मोहीम निघाली. हिमवर्षाव सुरू होता, हरणे हाकाऱ्यांच्या रांगेतून मागे पळाली आणि मोहीम सपशेल फसली. त्यानंतरच्या हिवाळ्यांत असंख्य हरणे उपासमारीने मेली.

१९४३ साली आल्डो लिओपोल्ड यांनी हा इतिहास एका आलेखात मांडला. ४,००० वरून एक लाखापर्यंत चढणारी आणि मग कोसळणारी ही रेषा अनेक पाठ्यपुस्तकांत पोहोचली. भक्षक मारले, म्हणून भक्ष्य वाढले, म्हणून वन उजाड झाले: किती सरळ कार्यकारणभाव!

परंतु ही हरणे कोणी मोजली होती? न्यूझीलंडमध्ये हिमालयी ताहरांचा अभ्यास करणाऱ्या ग्रॅम कॉगली यांनी १९७० साली मूळ नोंदी तपासल्या. १९२४ साठीचे अंदाज ३०,००० पासून एक लाखापर्यंत पसरलेले होते. आलेखासाठी त्यांतला सर्वांत मोठा आकडा निवडला गेला होता. शिवाय त्याच काळात पठारावर चरणाऱ्या मेंढ्यांचे प्रचंड कळप बरेच घटले होते. मग हरणे वाढली ती भक्षक गेल्यामुळे, की चारा मोकळा झाल्यामुळे? उपलब्ध नोंदींवरून ते ठरवता येत नव्हते. यानंतर कैबाबचे उदाहरण अनेक पुस्तकांतून गळाले.

पण साक्षीदार आणखी एक होता: अ‍ॅस्पेनची झाडे. हरणे त्यांचे कोवळे कोंभ आवडीने खातात. खोडांतील वार्षिक वलये मोजली की कोणत्या दशकात किती रोपे तगली, हे कळते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासात १९२० च्या दशकातील झाडे फारच थोडी आढळली; हरणे घटल्यानंतरची बरीच अधिक. म्हणजे हरणांचा भार खरोखरच मोठा होता. लिओपोल्ड यांच्या म्हणण्याला त्यामुळे बळ मिळाले. मात्र वलये हरणांची संख्या सांगत नाहीत. एक लाखाचा आकडा अंदाजच राहिला.

हा धडा वर्गातून काढून टाकावा, असे आम्हांला वाटत नाही. तो पूर्ण शिकवावा. १९२४ साठी ३०,००० आणि एक लाख असे दोन्ही आकडे घेऊन विद्यार्थ्यांना दोन आलेख काढू द्यावेत. मग विचारावे: दोन्ही आलेखांतून जे सारखेच दिसते ते कोणते, आणि केवळ एकातूनच दिसते ते कोणते? आपल्याकडे वाघ-बिबट्यांच्या संख्येच्या बातम्या येतात, तेव्हाही हा आकडा कोणी, कसा मोजला, हा प्रश्न मुले मग आपण होऊन विचारतील.