वाण्याची पुडी आणि पानिपतची पत्रं

मंडळी, मी काला अंबच्या स्मारकापाशी उभा आहे. १४ जानेवारी १७६१ ची लढाई इथली. पण त्याआधीच मराठ्यांच्या छावणीतलं धान्य संपत आलं होतं. रसद पाठवा म्हणून भाऊसाहेबांची गोविंदपंत बुंदेल्यांना पत्रांवर पत्रं गेली. डिसेंबर १७६० मध्ये पंतच मारले गेले.

हे आपण वाचू शकतो, कारण वि. का. राजवाड्यांनी १७५० ते १७६१ ची पत्रं १८९८ साली छापली. तेव्हा वाड्यावाड्यांतली दप्तरं रद्दीत निघत होती. जुना हातकागद चिवट, मीठ-हळदीच्या पुडीला फार सोयीचा! वाण्याला तरी दोष कसा देणार? पुडी फाटू नये, एवढंच तो बघणार. घरी पुडी सोडली की कागद चुलीत.