कुलुपाविना पहारा : ‘डेटा रेस’ची सहा दशके

मुंबईहून पुण्याकडे निघालेला माल एके काळी पनवेलच्या खाडीत होडीतून उतरे आणि बैलगाड्यांवर लादला जाऊन बोरघाट चढे. त्याच पनवेलमध्ये जुलै २०२० मध्ये हिरानंदानी समूहाच्या योट्टा कंपनीने ‘एनएम१’ हे प्रचंड डेटा सेंटर सुरू केले. त्याची क्षमता सुमारे ७,२०० रॅकची आहे. बंदराचे गाव पुन्हा एकदा मालाची चढउतार करू लागले. मात्र हा माल डोळ्यांना दिसणारा नव्हता.

पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट २०२० मध्ये, लिनक्सची ५.८ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. जगातील बहुसंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात. या आवृत्तीत एक नवा पहारेकरी दाखल झाला होता. त्याला कोणत्या चोरावर नजर ठेवायची होती, हे समजण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

सर्व्हरमधील सर्व कामांचे नियमन करणारा गाभा म्हणजे कर्नल (सैन्यातला नव्हे). आधुनिक यंत्रात अनेक प्रोसेसर हा एकच गाभा एकाच वेळी चालवीत असतात. स्मृतीतील एकाच जागेवर दोघे एकदम पोहोचले, त्यांपैकी निदान एक जण लिहीत असला आणि कोणी आधी जायचे हे ठरवणारी काहीच व्यवस्था नसली, तर त्या स्थितीला ‘डेटा रेस’ म्हणतात. वाचणाऱ्याला जुने मिळेल, नवे मिळेल किंवा दोहोंची खिचडी मिळेल. शंभरदा काही बिघडत नाही; एकशे एकाव्या वेळी यंत्र कोसळते आणि शोधायला गेल्यावर चूक सापडत नाही.

अशा चुकीची किंमत १४ ऑगस्ट २००३ रोजी जगाला कळली. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील एका वीजकंपनीच्या नियंत्रणकक्षात दुपारी धोक्याच्या सूचना देणारी संगणकप्रणाली निमूट बंद पडली. दोन प्रक्रियांना एकाच माहितीसाठ्यावर एकाच क्षणी लिहिण्याची मुभा मिळाली होती. वाहिन्या एकामागून एक तुटत असताना कक्षातील पडदे मात्र शांत होते. ईशान्य अमेरिका व कॅनडातील सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. खंडित पुरवठ्याची कारणे अनेक होती. पण वेळीच सावध करू शकणारा पहारेकरी या शर्यतीने मुका केला होता. लक्षावधी ओळींच्या त्या प्रणालीतून ही चूक शोधून काढायला तज्ज्ञांना अनेक आठवडे लागले.

यावरचा सर्वांत जुना उपाय कुलुपाचा. डच संगणकशास्त्रज्ञ एड्स्खर डायक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये या प्रश्नाची शास्त्रशुद्ध मांडणी केली : एका वेळी एकालाच आत जाऊ द्यायचे. कोकण रेल्वेने प्रवास केलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. पनवेलहून दक्षिणेकडे निघालेली गाडी रोह्यापुढे आजही बहुतांशी एकेरी असलेल्या मार्गावर शिरते. समोरून गाडी येत असेल तर अलीकडच्या स्थानकात ‘क्रॉसिंग’साठी थांबायचे. टक्कर होत नाही, पण वेळ जातो.

लिनक्सनेही हाच मार्ग धरला. १९९६ च्या २.० आवृत्तीत एकाहून अधिक प्रोसेसरांचा स्वीकार झाला, तेव्हा संपूर्ण गाभ्याला एकच कुलूप होते. त्याचे नावच ‘बिग कर्नल लॉक’. दोन प्रोसेसर असताना ते निभावले. आठ असताना सात जण दारात उभे राहू लागले. हे कुलूप पूर्णपणे निघायला २०११ साल उजाडावे लागले. मधल्या काळात त्याचे तुकडे करून शेकडो लहान कुलपे बसवली गेली; पण लहान कुलूपही लावायला आणि उघडायला वेळ घेतेच. शिवाय गाभ्यातील कित्येक माहितीसाठे असे असतात, की ते हजारदा वाचले जातात आणि क्वचित एकदा बदलतात. वाचणाऱ्या हजारांनी त्या एका बदलासाठी रांगेत का उभे राहावे?

या प्रश्नाचे एक देखणे उत्तर अमेरिकेतील सिक्वेंट या कंपनीत १९९० च्या दशकाच्या आरंभी तयार झाले. पॉल मॅकेनी आणि जॅक स्लिंगवाइन हे त्याचे कर्ते. पुढे त्याला ‘रीड-कॉपी-अपडेट’ म्हणजेच आरसीयू हे नाव मिळाले. कल्पना एसटी स्थानकातील वेळापत्रकाच्या फलकासारखी आहे. प्रवासी वाचत असताना त्याच फलकावरील आकडे पुसून नवे लिहायला घेतले, तर कोणी तरी अर्धे जुने आणि अर्धे नवे वाचून चुकीची गाडी पकडेल. त्याऐवजी आत बसून नवा फलक पूर्ण रंगवावा आणि तयार झाल्यावर एका झटक्यात जुन्याच्या जागी लावावा. जुन्या फलकाशी आधीच उभे असलेले प्रवासी वाचून निघून जाईपर्यंत तो मोडीत काढू नये. वाचणाऱ्याला कुलूप लागत नाही आणि कोणाची वाटही पाहावी लागत नाही. सगळा भार लिहिणाऱ्यावर पडतो. थांबायचे असेल तर त्याने थांबायचे.

१९९९ मध्ये आयबीएमने सिक्वेंट विकत घेतली आणि आरसीयूला लिनक्सची वाट मोकळी झाली. या टप्प्यावर भारतीय नावे ठळकपणे येतात. ऑक्टोबर २००२ मध्ये आरसीयू लिनक्सच्या २.५ मालिकेत दाखल झाले. त्या मूळ फाइलच्या शिरोभागी लेखक म्हणून आयबीएमच्या भारतातील चमूतील दीपंकर सरमा यांचे नाव नोंदलेले आहे. सरमा आणि त्यांचे सहकारी मनीष सोनी यांनी फाइलींची नावे शोधणाऱ्या ‘डीकॅश’ या अतिवर्दळीच्या साठ्यातील शोध कुलूपमुक्त केला; मॅकेनींसह त्यांनी त्यावर २००४ मध्ये लेखही लिहिला. पुढे एससीओ कंपनीने आयबीएमवर भरलेल्या गाजलेल्या खटल्यात आरसीयूच्या मालकीचाही वाद ओढला गेला. तो दीर्घकाळ रेंगाळला. दरम्यान आरसीयू गाभ्यात सर्वदूर पसरले.

मात्र कुलूप काढल्यावर एक गोष्ट उघडी पडली. कुलूप केवळ दुसऱ्याला अडवीत नव्हते. कामांचा क्रमही तेच सांभाळत होते. ते गेल्यावर प्रोसेसरने आपल्या सोयीने क्रम बदलला, तर त्याला अडवणारे कोणी उरले नाही. डेक कंपनीचा अल्फा प्रोसेसर यात कुप्रसिद्ध होता. नव्या फलकाची जागा त्याला अचूक कळे. पण तेथील मजकूर विचारल्यावर तो स्वतःच्या टाचणवहीतील शिळी नोंद वाचून दाखवू शकत असे. म्हणून ‘याआधीचे सर्व पूर्ण झाल्याशिवाय पुढे जाऊ नये’ असे बजावणारे अडसर संहितेत जागोजागी घालावे लागले.

याहून मोठा धोका घरातूनच आला. प्रोग्रामरची संहिता यंत्रभाषेत उतरवणारा कंपायलर वर्षागणिक हुशार होत गेला आणि त्याची हुशारीच अंगाशी येऊ लागली. ‘बावटा बदलेपर्यंत पाहत राहा’ असे लिहिले, तर तो विचार करी : या कामात बावटा कोणीच बदलत नाही, मग पुन्हापुन्हा का पाहावे? एकदाच पाहून तो कायमचा वाट पाहत बसे. काही यंत्रांवर तो एक मोठी संख्या दोन तुकड्यांत लिही आणि मध्येच वाचणाऱ्याच्या हाती कधीही अस्तित्वात नसलेला पत्ता येई. नियमांनुसार त्याचे काहीच चुकत नव्हते. डेटा रेस असलेल्या संहितेबाबत सी भाषेचे २०११ चे प्रमाणक कोणतेही वचन देत नाही.

यावर कर्नलकारांनी खुणा शोधल्या. आधी ‘अॅक्सेस-वन्स’ ही खूण आली. काही जीसीसी आवृत्त्या मोठ्या रचनांवरील ही खूण दुर्लक्षितात, असे २०१४ मध्ये क्रिश्चियन बोर्नट्रेगर यांच्या निदर्शनास आले आणि तिच्या जागी ‘रीड-वन्स’ व ‘राइट-वन्स’ ही जोडी आली. अर्थ साधा : ही जागा दुसरेही कोणी वापरत आहे, नेमके एकदाच वाच, नेमके एकदाच लिही, आपली अक्कल चालवू नकोस. २०१८ मध्ये या साऱ्या नियमांची गणिती मांडणी ‘लिनक्स कर्नल मेमरी मॉडेल’ म्हणून गाभ्यासोबतच प्रसिद्ध झाली. तोवर हे ज्ञान मोजक्या जाणत्यांच्या डोक्यात आणि एका लांबलचक मजकूर-फाइलीत साठवलेले होते.

आता २०२० च्या त्या पहारेकऱ्याकडे वळता येते. त्याचे नाव केसीसॅन. गूगलमधील मार्को एल्व्हर हे त्याचे प्रमुख कर्ते. पद्धत सापळा लावणाऱ्या शिपायाची आहे. धावत्या गाभ्यातील स्मृतीची एखादी जागा निवडायची, तिच्याकडे निघालेल्याला काही मायक्रोसेकंद मुद्दाम रोखून धरायचे आणि तेवढ्यात दुसरा कोणी खुणेविना तिथे येतो का, हे पाहायचे. २०१९ मध्ये प्रथम चालवला, तेव्हा काही दिवसांतच ३०० हून अधिक निरनिराळ्या शर्यती हाती लागल्या.

मग वाद पेटला. त्यांतल्या कित्येक निरुपद्रवी होत्या. आकडेवारीची मोजणी एकाने चुकली तर कोणाचे काय बिघडते? अशा जागांसाठी ‘येथे शर्यत आहे, ती ठाऊक आहे’ असे जाहीर करणारी वेगळी खूण ठेवण्यात आली. लिनस टॉरवाल्ड्स यांच्यासह अनेकांना भीती होती ती उलट दिशेची : इशारा बंद व्हावा म्हणून लोक दिसेल तिथे ‘रीड-वन्स’ चिकटवतील आणि खऱ्या चुका त्याखाली गाडल्या जातील. ही भीती रास्त होती. खूण कंपायलरला आवरते; क्रम चुकलेला असेल तर तो सुधारत नाही.

शिवाय केसीसॅन गाभ्याची गती बरीच मंदावतो, म्हणून त्याची नेमणूक चाचणीच्या यंत्रांपुरतीच असते. ग्राहकांचे काम वाहणाऱ्या सर्व्हरवर, मग ते पनवेलचे असोत वा ओरेगॉनचे, तो सहसा नसतो. तिथे असतात त्या संहितेत आधीच कोरून ठेवलेल्या खुणा आणि अडसर, आणि जुना फलक वाचणारा शेवटचा प्रवासी निघून जाईपर्यंत थांबलेला लिहिणारा.