गोचिडीची लाळ : एका अभ्यासाची ओळख

गोठ्यात वावरलेल्या माणसाला गोचीड दाखवावी लागत नाही. गायीच्या कानामागे, कासेजवळ, शेपटीखाली हात फिरवला की ती बोटाला लागतेच. ‘गोचिडीसारखा चिकटलाय’ असे आपण सहज बोलतो. पण ती इतकी घट्ट कशी चिकटते, आणि दिवसचे दिवस रक्त पीत असूनही जनावराला तिचा पत्ता का लागत नाही? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर तिच्या लाळेत आहे. त्या लाळेच्या अभ्यासाकडे वाचकांचे लक्ष वेधावे, एवढ्यासाठी हे चार शब्द.

वाचकांनी आधी गोचिडीची अडचण समजून घ्यावी. डास काही मिनिटांत रक्त पिऊन उडून जातो. कठीण कवचाची गोचीड एकाच जागी बसते. पूर्ण वाढलेल्या मादीला पोट भरायला साधारण आठवडा लागतो. तेवढ्यात तिळाएवढी मादी एरंडाच्या बीएवढी फुगते, तिचे वजन शंभरपटीच्या घरात जाते. लॅटिनमध्ये ‘रिसिनस’ म्हणजे गोचीड. एरंडाला हे शास्त्रीय नाव मिळाले ते बीच्या या साम्यावरूनच. आता तुमच्या बोटात काटा रुतला तर काय होते ते आठवा. रक्तवाहिनी आकसते, प्लेटलेट गोळा होतात, रक्त गोठते, जागा सुजते, खाज सुटते. शरीर इतके तत्पर असताना एकच जखम आठवडाभर वाहती ठेवायची, हे काम सोपे नाही.

गोचीड जबड्यांनी कातडी कापते आणि उलट्या काट्यांची सोंड आत रोवते. अनेक जातींत लाळेतलाच एक भाग सिमेंटसारखा घट्ट होऊन सोंड पक्की करतो. त्यानंतर शरीराच्या प्रत्येक प्रतिकाराला लाळेत तोड आहे. प्लेटलेटना चेतवणारा एडीपी हा रेणू अपायरेज नावाचे विकर तोडून टाकते. काही प्रथिने रक्त गोठण्याची साखळी अडवतात, प्रोस्टाग्लँडिन रक्तवाहिनी रुंद करते. हिस्टामिनला पकडून ठेवणारी प्रथिने खाज आणि सूज आवरतात, तर ‘इव्हॅसिन’ प्रथिने पांढऱ्या पेशींना बोलावणारे निरोप वाटेतच अडवतात. प्यालेल्या रक्तातले जास्तीचे पाणीही गोचीड लाळेवाटे त्याच जखमेत परत सोडते. म्हणून एवढे रक्त तिच्या पोटात मावते.

याच वाटेने रोगजंतूही शिरतात. १९८७ साली ऑक्सफर्डमधील पॅट्रिशिया नटॉल आणि सहकाऱ्यांनी थोगोटो विषाणू असलेल्या व नसलेल्या गोचिडी एकाच गिनीपिगवर पोसल्या. गिनीपिगच्या रक्तात विषाणू सापडला नाही, तरी निरोगी गोचिडींना लागण झाली. त्यामागे लाळेचा हात असल्याचे पुढच्या प्रयोगांत दिसले. आपल्या मुलखाचाही या विषयाशी जवळचा संबंध आहे. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात उद्भवलेल्या, गोचिडीवाटे पसरणाऱ्या माकडतापाचा विषाणू पुण्याच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी ओळखला. तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. पुढे हा ताप गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गातही आला. संकरित गायींना जेरीस आणणाऱ्या थायलेरियाचे जंतू तर गोचिडीच्या लाळग्रंथीतच तयार होतात, आणि तेही ती रक्त पिऊ लागल्यावर. गोचीड जितक्या लवकर काढावी तितके बरे, ते यासाठीच.

या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकांनी रेणूंची नावे पाठ करत बसू नये. जखमेपासून सुरुवात करावी आणि दर पायरीला विचारावे : इथे शरीराने काय केले, लाळेने त्यावर काय केले? काळाचे भानही ठेवावे, कारण पहिल्या दिवसाची लाळ आणि पाचव्या दिवसाची लाळ एक नसते. शिवाय जनावरही शिकत असते. गोचिडींचा एकदा अनुभव घेतलेल्या गिनीपिगवर पुढच्या खेपेच्या गोचिडींचे पोट नीट भरत नाही, हे विल्यम ट्रेगर यांनी १९३९ मध्येच दाखवले होते. गोचिडीविरुद्ध लस शोधणाऱ्यांना त्या निरीक्षणाने धीर दिला.

पुढच्या वेळी गोचीड काढाल तेव्हा ती बोटांनी चिरडू नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि तिच्या तोंडाशी पांढुरका कण आला असेल तर भिंगातून पाहा. ती घट्ट झालेली लाळ असू शकते. अभ्यासाला तिथूनच सुरुवात करता येईल.