शेलबर्नचें दप्तर आणि त्याचा लौकिक

इंग्लंडच्या अठराव्या शतकांतील मुत्सद्द्यांमध्यें अर्ल ऑफ शेलबर्न याच्याइतका अविश्वास क्वचितच कोणाच्या वांट्यास आला असेल. विरोधक त्याला ‘बर्कली चौकांतला जेझुइट’ म्हणत; लिस्बन येथें १७६१ त देहदंड पावलेल्या मालाग्रिडा नामक जेझुइट पाद्र्याचें नांवहि त्यास चिकटलें होतें. हा लौकिक कितपत यथार्थ होता, याचा निर्णय अस्सल कागदांवरूनच केला पाहिजे.

विल्यम पेटी ऊर्फ शेलबर्न १७३७ त डब्लिन येथें जन्मला. तरुणपणीं तो मिंडेनच्या लढाईंत (१७५९) लढला. १७६१ त पित्यामागें त्यास सरदारकी मिळाली, व १७६६ ते १७६८ पर्यंत तो चॅटमच्या मंत्रिमंडळांत दक्षिण विभागाचा सचिव होता. अमेरिकन वसाहतींशीं सलोख्यानें वागावें, हें त्याचें धोरण तेव्हांपासूनचें.

मार्च १७८२ त रॉकिंगहॅमच्या मंत्रिमंडळांत शेलबर्न गृहसचिव व फॉक्स परराष्ट्रसचिव झाला. तहाचें बोलणें कोणाच्या खात्याचें, हा तंटा लागलीच उद्भवला. पॅरिसला शेलबर्नतर्फे ऑस्वल्ड व फॉक्सतर्फे ग्रेन्व्हिल, असे दोन वकील गेले. इंग्लंडनें कॅनडा सोडावा असें सुचविणारें फ्रँक्लिनचें टिपण ऑस्वल्डनें आणिलें, तें शेलबर्ननें सहकाऱ्यांपासून लपविलें. फॉक्सनें हें कपट ठरविलें, आणि तो आक्षेप निराधार म्हणवत नाहीं. मात्र कॅनडा शेलबर्ननें सोडला नाहीं.

१ जुलैस रॉकिंगहॅम वारला; शेलबर्न मुख्य प्रधान झाला व फॉक्सनें राजीनामा दिला. ३० नोव्हेंबर १७८२ रोजीं अमेरिकेशीं तहाचीं प्राथमिक कलमें ठरलीं. त्यांत मिसिसिपी नदीपर्यंतचा मुलूख अमेरिकेस दिला. अमेरिका फ्रान्सच्या पंखाखालीं जाऊं नये व तिचा व्यापार इंग्लंडशीं राहावा, हा त्यांतील हेतु. फेब्रुवारी १७८३ त फॉक्स व नॉर्थ एक झाले. पार्लमेंटांत २२४ विरुद्ध २०८ मतांनीं हार खाऊन, पुढें पुन्हां पराभव होतांच, शेलबर्न पायउतार झाला. परंतु फॉक्सच्याच अमदानींत, ३ सप्टेंबर १७८३ रोजीं, अमेरिकेशीं कायमचा तह झाला तो बहुतांशीं त्याच कलमांवर. ज्या अटींसाठीं एकास घालविलें, त्या दुसऱ्यास पत्कराव्या लागल्या!

आतां दप्तराविषयीं. शेलबर्न मोठा संग्राहक होता. जेम्स वेस्टच्या संग्रहांतून त्यानें एलिझाबेथ राणीचा मंत्री लॉर्ड बर्ली याचे कागद मिळविले. १७८४ त तो मार्क्विस ऑफ लॅन्सडाउन झाला व १८०५ त वारला. त्याच्या संग्रहाचीं १२४५ बाडें सरकारनें १८०७ त ४९२५ पौंडांस ब्रिटिश म्यूझियमसाठीं घेतलीं. तीं आतां ब्रिटिश लायब्ररींत आहेत. त्याचे स्वतःचे राजकीय कागद मात्र त्यांत नाहींत. ते पुष्कळसे मिशिगन विद्यापीठाच्या क्लेमेंट्स ग्रंथालयांत, म्हणजे अमेरिकेंतच, जाऊन पोंचले आहेत.

त्याचा वंशज फिट्झमॉरिस यानें घरच्या कागदांच्या आधारें १८७५-७६ त तीन खंडांचें चरित्र लिहिलें, तेव्हां कोठें शेलबर्नची बाजू लोकांपुढें आली. तोंवर विरोधकांनीं दिलेलीं नांवेंच प्रमाण मानलीं जात होतीं. या कागदांवरून तो निष्कपट ठरत नाहीं. पण त्याचें धोरण आरंभापासून एकच होतें, एवढें निःसंशय सिद्ध होतें. दप्तर नष्ट झालें असतें, तर टोपणनांवें तेवढीं उरलीं असतीं.